तिसऱ्या ओळीतला श्वास

पप्पा,

तुमच्या शेवटच्या उपासनेत ऑर्गन मी वाजवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मला सोपं जाईल. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मीच वाजवणार. पाळकसाहेबांनी गीतं कुठली घ्यायची तेसुद्धा मलाच फोन करून विचारलं. मी गीतं सांगितली आणि वाजवायला अश्विनीला बोलावलं. हो, तीच. कँटोन्मेंटमधल्या हवालदारकाकांची अश्विनी, तुमची दुसरी शिष्या. तुम्ही असतात तर आधी चष्मा काढून पुसला असता आणि मग म्हणाला असतात, "अच्छा. पण तिला एवढ्या लांबून कशाला?"

पाळकसाहेब तुमच्याबद्दल चांगलं बोलले, लांबही बोलले. 'सचोटी' हा शब्द त्यांनी इतक्यांदा घेतला की शेवटी आईने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं तिला रडू कोसळलं. मी शेजारी होते, तिला हसू आवरत नव्हतं. ऑफिसची पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही ही गोष्ट आली. मोठ्या साहेबांना सरकारी गाडीवरून तोंडावर सुनावलं होतं, तीही आली. एक गोष्ट आली नाही, कारण ती पाळकसाहेबांना ठाऊक नाही. ती मी आजवर दोघींना सांगितली आहे आणि दोघींनीही मानलेली नाही. तुम्ही तेवढं नाव कमावून ठेवलं होतं.

आज तुम्हालाच सांगते. तुम्ही मध्येच उठून गॅसचं बटण बघायला जाऊ शकत नाही, एवढा तरी फायदा.

ऑर्गन ही घरात ठेवायची वस्तू नव्हे. आपल्या मराठी मंडळीची उपासना रविवारी दुपारी मोठ्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये व्हायची आणि तिथे होती पायपेटी, पायांनी भाता मारायची, अर्धे सूर दमेकऱ्यासारखे. खरा ऑर्गन चर्चच्या मागच्या गॅलरीत, भिंतभर पाइपांचा, वरती हातांच्या पट्ट्यांच्या दोन ओळी आणि खाली पायांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्या. तो आपल्याला फक्त शनिवारी सकाळी मिळायचा. बाकी आठवडा मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलाखाली शिकले. तुम्ही फरशीवर खडूने त्या पायपट्ट्या आखायचात. खडू अर्थातच ऑफिसचे नव्हते. मी मोजे घालून खुर्चीवर बसायचे आणि टाच, चवडा, टाच, चवडा असं आवाजाशिवाय वाजवायचे. आई फिनाइल घालून फरशी पुसायची तेव्हा सगळा ऑर्गन वाहून जायचा. तुम्ही तिच्यावर कधी चिडला नाहीत. संध्याकाळी आल्यावर गुडघ्यांवर बसून पुन्हा आखायचात, फूटपट्टी लावून, कारण एक पट्टी जरी रुंद झाली तर पोरीचा पाय खोटं शिकेल. हे मी रागातही विसरू शकत नाही, आणि म्हणूनच राग धड पुरा होत नाही.

शनिवारी मी वर बसायचे आणि तुम्ही खाली, पार वेदीपाशी उभे. ऑर्गनचा आवाज खाली जाऊन परत कानावर यायला जरा वेळ लागतो. नवा वाजवणारा स्वतःचाच आवाज ऐकत बसतो, त्याची वाट बघतो आणि हळूहळू मागे पडत जातो. मी मागे पडले की तुम्ही खालून मफलर हलवायचात. पुढे पुढे तुमचा मफलर ऑर्गनवरच्या छोट्या आरशात दिसला नाही तर मला करमेना.

तुमची शिकवण तशी एका वाक्याची. आधी म्हण, मग वाजव. आपली कितीतरी गीतं परदेशी चालींवर बसवलेली. चाल तिकडची, शब्द इकडचे. चाल थांबते तिथे मराठी वाक्य संपत नाही, आणि वाक्य संपतं तिथे चाल थांबायला तयार नसते. तुमच्या सगळ्यात लाडक्या गीताच्या तिसऱ्या ओळीत, अगदी मध्यावर, माणसांना श्वास लागतो. छापील सुरावटीत त्या जागी काहीही नाही. तुम्ही तिथे हात किंचित उचलायचात. ती फट एवढीशी, पण सबंध हॉल त्या फटीतून श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ एकदम उचलली जायची. "गाणारे ते आहेत, बेटा. आपण फक्त त्यांना दम खाऊ द्यायचा," असं तुम्ही म्हणायचात. दिल्लीत मोठ्या झालेल्या मला अर्ध्या गीतांतले शब्द कळत नव्हते. तुम्ही एकेका शब्दाचा अर्थ स्कूटरवर मागे वळून सांगायचात आणि आई घरी ऐकून घाबरायची.

अश्विनी आपल्याला मिळाली ती तुमच्या पुटपुटण्यामुळे. नाताळच्या आधी तुम्ही कँटोन्मेंटमधल्या जुन्या चॅपलमध्ये वाजवायला जायचात. तिथे दारात एक माझ्याएवढी मुलगी उभी राहून ऐकत होती. तुमची बोटं अडकली, तुम्ही मराठीत स्वतःलाच काहीतरी बोललात आणि ती म्हणाली, "काका, तुम्ही मराठी?" साताऱ्याकडची. वडील पलटणीत हवालदार. युनिटच्या मंदिरात भजनाला ती पेटी धरायची. तुम्ही तिला बसवलं, हात बघितले आणि पुढच्या शनिवारपासून आम्ही दोघी झालो. तिच्याकडून तुम्ही काही घेतलं नाहीत. हवालदारकाका दर सुट्टीनंतर गावाकडचा गूळ आणायचे, तोही तुम्ही दोनदा परत केलात. तिसऱ्यांदा आईने तुमच्या हातातून काढून घेतला.

मग ती स्पर्धा आली. शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी, उत्तरेकडच्या शाळांमधून, आपल्याच त्या चर्चमध्ये. आम्ही दोघी अकरावीत. प्रत्येकाने एक मोठी रचना वाजवायची आणि एक गीत, जणू समोर मंडळी गाते आहे असं धरून. गीत नेमलेलं होतं आणि चाल नेमकी तुमच्या लाडक्या गीताची निघाली. पहिलं येणाऱ्याला गॅलरीची चावी, दोन वर्षं ऑर्गनचं पुरं शिक्षण आणि हवी असेल तर चर्चच्या वसतिगृहात जागा. मला चावी हवी होती. अश्विनीला जागा हवी होती. हवालदारकाका त्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन गावी निघाले होते, आणि तिच्या गावाच्या आसपास ऑर्गन सोडा, धड पायपेटीही नव्हती. ती जिंकली तर दिल्लीत राहणार होती, नाहीतर सगळं संपणार होतं. हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं.

परीक्षक तिघे, आणि त्यातले एक तुम्ही. सुरुवातीला तुम्ही नाही म्हणालात, हे कबूल. माझी मुलगी आहे, माझी विद्यार्थिनी आहे, असं तुम्ही समितीला सांगितलंत. पण दिल्लीत ऑर्गन कळणारी माणसं हातावर मोजावी इतकीच. समितीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या की परीक्षक पुढच्या बाकावर वेदीकडे तोंड करून बसणार, वाजवणारे पाठीमागे वर गॅलरीत, नावं नाहीत, नुसते क्रमांक. मग अडचण काय? तुम्ही मान डोलावलीत. घरी येऊन मला म्हणालात, "माझी मुलगी म्हणून तुला एक मार्कसुद्धा जास्त मिळणार नाही."

ते मला नव्याने सांगायची गरज नव्हती. रविवारच्या शाळेत पाठांतरात मी पहिली आले आणि बक्षीस दुसरीला गेलं, कारण परीक्षक तुम्ही होता. नाताळात एकटीने गायचं कडवं दरवर्षी दुसऱ्याच कुणाला. सगळी मंडळी म्हणायची, बघा, माणूस असावा तर असा. त्या म्हणण्याची किंमत माझ्या वाट्यातून जायची. म्हणून मी ठरवलं की या वेळी तुम्हाला मी कळूच द्यायची नाही. घरी आणि शनिवारी मी तुमच्यासारखंच वाजवलं. पण मनात, टेबलाखाली, दुसरंच बसवत होते. तिसऱ्या ओळीत हात उचलायचा नाही. छापलंय तसं, सरळ, परदेशी पोरासारखं. पाठमोऱ्या बसलेल्या तुम्हाला वाटलं पाहिजे की ही कुणीतरी भलतीच आहे. माझी चलाखी एवढीच होती, आणि अजूनही मला त्यात काही गैर वाटत नाही. न्याय हवा म्हणून स्वतःच्या बापापासून लपावं लागलं, यात गैर असेल तर ते माझं नव्हे.

त्या दिवशी आम्ही सगळे मागच्या हॉलमध्ये बसून होतो. माझं झाल्यावर मी तिथे परत आले आणि थोड्या वेळाने अश्विनीचं गीत भिंतीतून ऐकू आलं. तिसरी ओळ आली. तिने हात उचलला. तुमच्यापेक्षाही बरोबर जागी, पप्पा, हे आता तरी ऐकून घ्या. हॉलमधली कुठल्या कुठल्या गावची मुलं, एकालाही मराठी येत नाही, आणि त्यांची छाती त्या जागी भरून आली. मला हेवा वाटला, आणि बरंही वाटलं. मनात म्हटलं, संपलं, ही राहणार दिल्लीत.

मग निकाल. पहिला म्हणून माझा क्रमांक पुकारला. मी पुढे आले तेव्हा तुम्ही वळून बघत होतात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही समजूत घालायचा चेहरा तयार करून ठेवला होता, माझ्यासाठी, हरलेल्या मुलीसाठी, आणि तो आता कुठे ठेवावा हे तुम्हाला सुचत नव्हतं. टाळ्या वाजत होत्या आणि तुम्ही माझ्या मागे बघत होतात, आणखी कुणी येतंय का म्हणून. अश्विनी पहिल्या तिघांतही नव्हती. चहाच्या वेळी डेहराडूनहून आलेल्या वयस्कर परीक्षकबाई तुम्हाला म्हणाल्या की ज्या मुलीने माणसांना गायला लावलं ती खाली कशी गेली, त्यांना कळत नाही. तुम्ही चहा पीत राहिलात. मी मागेच उभी होते.

घरी बिर्याणी होती. आईला काही कल्पना नव्हती, ती खुशीत म्हणाली, बघा, तुम्ही सकाळी म्हणालात पोर हिरमुसून येईल, तिच्या आवडीचं कर, आणि ही तर जिंकून आली. म्हणजे सकाळीच ठरलं होतं. मी एक सूरही वाजवण्याआधी तुम्ही मला हरवून टाकलं होतं आणि वर बिर्याणी सांगून ठेवली होती. तुम्ही जेवला नाहीत. ताटात बोटं फिरवत मला विचारलंत, "तिसऱ्या ओळीत तू हात का नाही उचललास?"

"तुम्ही ओळखलं असतं म्हणून."

"मग ती कोण होती?"

मी नाव सांगितलं. तुम्ही ताट सरकवलंत. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. पण तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही हळू आवाजात सगळं सांगितलंत, तेवढे तरी सरळ वागलात. ती मीच अशी तुमची खात्री पटली आणि तुम्ही हात आखडला. बाकी दोघांनी तिलाच वर धरलं होतं. तुमच्या आकड्यांनी ती तळाशी गेली. आणि माझ्या सरळ, कोरड्या, परक्या वाजवण्याला तुम्ही भरभरून दिलंत, कारण ते तुमच्या मुलीचं नव्हतं.

तुम्हाला एकदाही वाटलं नाही की ती अश्विनी असेल. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पुढे कळलं. दोघींना शिकवणारे तुम्हीच. पण ती भजनातली मुलगी, आपल्या मंडळीत कधी न बसलेली. तिला तुम्ही बोटं शिकवलीत, तो श्वास मात्र आपल्या घरातला, आपल्या लोकांचा, तो तिला कुठून येणार? तुम्ही सगळ्यांशी सारखं वागायचात, आणि मनाच्या आत एक कप्पा होता ज्यात तिला जागाच नव्हती. आणि तिला तर तो श्वास शिकवावाच लागला नव्हता. लहानपणापासून गाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत पेटी धरणारी मुलगी ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो.

मी म्हटलं, उद्या जाऊन सांगा. तुम्ही म्हणालात, काय सांगू, मी जाणूनबुजून मार्क कापले म्हणून? मग माझ्या शब्दाला कोण विचारेल? मी म्हटलं, माझं बक्षीस जाऊ दे. तुम्ही म्हणालात, झोप आता.

तुम्ही गेला नाहीत म्हणून मी गेले. शाळा बुडवून, बस बदलून, सेक्रेटरीबाईंच्या खोलीत. जे घडलं ते सांगितलं. त्यांनी तुम्हाला ऑफिसात फोन केला आणि तुम्ही आलात. मला वाटलं होतं, आता तुम्ही बोलाल. माझ्यासमोर खोटं बोलणं तुम्हाला जमायचं नाही, याची मला खात्री होती. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि इंग्रजीत म्हणालात की मैत्रीण हरली म्हणून मुलीला फार लागलंय, ती भावनेच्या भरात काहीतरी कल्पना करते आहे. बाईंनी माझ्या गालावर थोपटलं आणि माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. पप्पा, सबंध आयुष्यात तुम्ही बहुधा तेवढं एकच खोटं बोललात आणि त्यासाठी तुम्हाला मीच सापडले.

परत येताना बसस्टॉपवर तुम्ही शकरकंदी घेतलीत, भाजलेली रताळी, वर लिंबू पिळलेली. दोन काड्या टोचून द्रोण माझ्यापुढे धरलात.  मी ती खाल्ली, कारण भूक लागली होती. त्या खाण्याचाही मला नंतर फार राग आला.

पुढच्या शनिवारी मी कँटोन्मेंटला जाऊन अश्विनीलाही सांगितलं. तिच्या घरात पेट्या बांधायचं चाललं होतं, सगळ्या सामानावर पलटणीचा क्रमांक रंगवलेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कृपा, यार, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस ना? सर असं कधी करणार नाहीत." मी शपथ घेतली. ती माझ्यावर चिडली. सरांबद्दल असं बोलू नकोस म्हणाली. हवालदारकाकांनी जाताना तुमच्यासाठी गुळाची ढेप दिली. या वेळी तुम्ही ती निमूटपणे ठेवून घेतलीत.

मी चावी घेतली. शिकले, वाजवत राहिले. मी सोडलं असतं तर जागा तिसऱ्याच कुणाला गेली असती, तिला नाही, हा हिशेब मी शंभर वेळा करून बघितला. नोएडात नोकरी लागली तरी महिन्यातले काही रविवार मी गॅलरीत असते. लोक म्हणतात, अगदी वडिलांचा हात. तुम्ही खाली बसून ऐकायचात आणि तिसऱ्या ओळीला मान खाली घालायचात. मी हात उचलायचे की नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदाही उचलला नाही. माणसं बिचारी त्या ओळीत दमछाक होत गायची आणि मी वर बसून तुमच्याशी भांडायचे. यात त्यांचा काय दोष होता, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारायची सोयच नव्हती.

शेवटचं आपण बोललो ते मागच्या हिवाळ्यात, मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत. तुम्ही मटार सोलत होता. मी विषय काढला. तुम्ही म्हणालात, "न्याय करणाऱ्याने स्वतःच्या लेकराच्या विरुद्धच थोडं झुकावं. म्हणजे तराजू सरळ राहतो." मी म्हटलं, एवढाच तराजूचा सोस होता तर खुर्चीवरून उठायचं होतं. तुम्ही म्हणालात, उठलो असतो तर म्हणाले असते की जबाबदारी टाळली. सांगितलं असतं तर म्हणाले असते की मुलीसाठी नाटक केलं. लोक काय म्हणतील याची मी कधी पर्वा केली नाही, असं तुम्ही अभिमानाने सांगायचात. मग हे 'म्हणाले असते' कोण होते हो? आयुष्यभर तुमच्या घरात ते माझ्याआधी जेवले.

मी विचारलं, "आणि अश्विनी?"

तुम्ही एक शेंग फोडलीत, दाणे भांड्यात टाकलेत आणि म्हणालात, "तिला कुठे चर्चमध्ये वाजवायचं होतं."

मी उठून आत गेले आणि संध्याकाळी मटार-भात जेवले. आजही त्या वाक्याचा नुसता संताप येतो. मुलगी सकाळी उठून दोन बसेस बदलून यायची, थंडीत बोटं काखेत धरून ऊब द्यायची आणि मग पट्ट्यांना हात लावायची. तिला काय हवं होतं ते तुम्ही तरी विचारायचं.

त्यानंतर तुम्ही दवाखान्यात गेलात. मला वाटलं, आता तरी. मी पलंगाशी स्टूल ओढून बसायचे. तुम्ही मला गीझरबद्दल सांगितलंत, की स्विच आधी बंद करायचा आणि मग नळ. पेन्शनचं सांगितलंत. सोसायटीच्या मीटिंगला आईला एकटी पाठवू नकोस म्हणालात. एकदा माझा हात हातात घेऊन बोटं चाचपून बघितलीत, लहानपणी बघायचात तशी, आणि मला वाटलं आलं, आलं ओठांवर. तुम्ही म्हणालात, नखं काप. नंतर बोलण्याजोगे राहिला नाहीत. मी त्या दिवशी नखं कापली, पप्पा. इतकी खोल कापली की अजून दुखतात.

अश्विनी आता दिल्लीबाहेर, मानेसरला असते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणीच्या खात्यात. वाढदिवसाला एकमेकींना मेसेज करायचो, बाकी काही नाही. तुमचं कळवलं तर तिचा लगेच फोन आला आणि ती रडली, माझ्याआधी. मी म्हटलं, येशील? वाजवशील? ती म्हणाली, "पागल आहेस का? मी गावी गेल्यापासून ऑर्गन पाहिलासुद्धा नाहीये." मी म्हटलं, एकच गीत. पाय नको लावूस, नुसते हात.  ती म्हणाली, सरांसाठी करते.

ती सुट्टी टाकून आली. आम्ही दोघी गॅलरीत चढलो. तिने पट्ट्यांवर हात ठेवण्याआधी दोन्ही हात काखेत धरले, तसेच. मी शेजारी उभी राहून स्टॉपच्या खुंट्या ओढत होते, म्हणजे आवाजाचे रंग तेवढे माझे. खाली तुमची शवपेटी वेदीसमोर, जिथे उभे राहून तुम्ही मफलर हलवायचात. पहिल्या कडव्यात ती दोनदा चुकली. तिसऱ्या ओळीत तिने हात उचलला. खालून सबंध चर्चने श्वास घेतला, पप्पा. कितीतरी वर्षांत घेतला नव्हता, माझ्यामुळे. आणि पुढची ओळ अशी उठली की मी खुंटी ओढायची विसरले. मग मी रडले. तुमच्यासाठी, तिच्यासाठी, आणि तुम्ही इतकं चांगलं शिकवलं होतं याच्या संतापाने.

संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सरांची जागा बरोबर घेतली ना?" मी हो म्हटलं. तिच्या मनातले सर अजून जसेच्या तसे आहेत. त्यांना मी या वेळी हात लावला नाही. त्या सरांना कदाचित तीच जास्त ओळखत असेल.

खाली आलो तर दाराशी सेक्रेटरीबाई. त्याच. आता काठी घेऊन चालतात. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे पुसले आणि म्हणाल्या की वर बघावंसुद्धा लागलं नाही, पहिल्याच कडव्यात ओळखलं, वडिलांचीच मुलगी वाजवते आहे. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. अश्विनी माझ्या मागे उभी होती.

मी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हटलं, "मी नाही. ही वाजवत होती."

बाई म्हणाल्या, अच्छा, आणि त्यांनी अश्विनीचे हात धरले. बस्स. आभाळ कोसळलं नाही. कुणी काही म्हणालं नाही. एवढंच वाक्य होतं, पप्पा.